टफी जेवतोय, शेपटी हलवतोय, पण पाय टेकत नाहीये

प्रश्न: ताई नमस्कार. आमचा टफी, लॅब्रॅडॉर, ११ वर्षं पूर्ण झाली. काल संध्याकाळी झोपेतून उठला आणि मागचा उजवा पाय वर धरूनच चालायला लागला. कुठे पडला नाही, कुणाशी भांडला नाही. पाय हातात घेऊन बघितला तर ओरडला पण नाही, उलट माझा हात चाटत बसला. रात्री व्यवस्थित जेवला. आज सकाळपासून पाय थोडा टेकवतोय, पण नुसती बोटं लावल्यासारखा. मिस्टर म्हणतात वय झालंय त्याचं, दोन दिवसांत आपोआप ठीक होईल. शेजारचे काका म्हणतात, माझी गुडघ्याची गोळी आहे त्यातली अर्धी दे. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना परवा उघडणार आहे. थांबू का? उगाच घाई करून दुसरीकडे नेलं आणि काहीच निघालं नाही तर हसतील अशी पण भीती वाटते. हो, एक सांगायचं राहिलं, गेले दोन-तीन आठवडे तो गाडीत उडी मारत नाहीये, उचलून ठेवावं लागतं. आम्हाला वाटलं लाडावलाय.

उत्तर: तुमचा मेल आला त्याच दिवशी मी तुम्हाला घाईत तीन गोष्टी कळवल्या होत्या, गोळी नको, जिना नको, आणि डॉक्टरांना आत्ताच फोन करा. आता जरा निवांत लिहिते, कारण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला सतत येतो, आणि प्रत्येक वेळी त्यात एक मिस्टर आणि एक काका असतातच.

आधी काकांची गोळी. नाही द्यायची. अर्धी नाही, पाव नाही, जेवणात कालवून पण नाही. काकांचा हेतू चांगलाच असणार, पण आपल्या घरातल्या ज्या नेहमीच्या दुखण्यावरच्या गोळ्या असतात, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या की जठराला जखमा होतात, रक्तस्राव होतो, किडनीवर येतं, आणि म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी आधीच किती शिल्लक आहे ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. पॅरासिटामॉल सौम्य म्हणून आपण लहान मुलांनाही देतो, पण कुत्र्याला मनाने दिली आणि डोस चुकला तर लिव्हर जाऊ शकतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते. डॉक्टर कधी कधी यातलंच एखादं औषध स्वतः मोजून देतात, ते वेगळं, त्यांच्याकडे वजन असतं, रक्ताचा रिपोर्ट असतो.

आणि याची एक दुसरी बाजू आहे जी कुणी सांगत नाही. कुत्र्यांसाठीची म्हणून वेगळी पेनकिलर असतात, कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम वगैरे. पण आधी माणसांचं पेनकिलर किंवा स्टेरॉइड पोटात गेलेलं असेल तर डॉक्टरांना हे योग्य औषध लगेच सुरू करता येत नाही, मध्ये काही दिवसांची गॅप ठेवावी लागते. म्हणजे अर्ध्या गोळीने तुम्ही त्याचा ठणका कमी करायला गेलात आणि नेमके पुढचे चार दिवस खरं औषध बंद करून बसलात. कुणी ऑलरेडी दिली असेल तर लपवू नका, कुठली, किती मिलिग्रॅमची, किती वाजता, हे लगेच फोनवर सांगा, उलटी व्हायची वाट बघू नका आणि स्वतःच्या मनाने उलटी करवू पण नका.

आता मिस्टरांचं. वय झालंय हे खरंच आहे, ११ वर्षांचा लॅब म्हणजे आजोबाच. पण बघा, वय झालं की कुत्रा चारही पायांनी हळू होतो. उठायला वेळ लावतो, फिरायला गेल्यावर मध्येच बसतो, जिन्याखाली उभं राहून वर बघत विचार करतो. एकच पाय वर जातो तेव्हा त्या एका पायात काहीतरी झालेलं असतं, आणि ते काय झालंय हे वयाला विचारून कळणार नाही, पाय बघूनच कळेल.

"ओरडला नाही, जेवला, शेपटी हलवतोय" यावर तर मी एकदा सविस्तर भांडणार होतेच. लॅब्रॅडॉरच्या भुकेवरून काही ठरवायचं नसतं हो, मोडलेल्या पायाने भांड्यापर्यंत सरपटत जाऊन सगळं संपवणारे लॅब मी पाहिलेत. कुत्री दुखलं की ओरडतात ते बहुतेक त्या एका क्षणापुरतं, नंतर गप्पच असतात. लंगडणं हेच त्याचं ओरडणं आहे. पाय टेकला की दुखतं म्हणून तो टेकत नाही, याहून स्पष्ट तो काय सांगणार. (काही वेळा नसेच्या त्रासाने दुखणं नसतानाही लंगडतात, त्याबद्दल खाली येतेच.) दुखतंय का बघायचं असेल तर भांड्याकडे न बघता रात्री बघा, झोपेत सारखी कूस बदलतोय का, थंड जागेत पडूनही धापा टाकतोय का, एकाच ठिकाणी चाटून चाटून केस ओले करून ठेवलेत का, तुम्ही मागून हात लावायला गेलात की मान वळवून हाताकडे बघतो का. हात चाटत बसला म्हणालात ना, ते प्रेम असेलही, पण बरेचदा ते "पुरे आता, सोड" असं पण असतं.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे तुम्ही शेवटी "राहिलं" म्हणून टाकलंय. गाडीत उडी मारत नाहीये, दोन-तीन आठवडे. म्हणजे लंगडणं काल दिसलं, सुरू आधीच झालं होतं.

म्हाताऱ्या आणि त्यातून वजनदार कुत्र्यात मागचा पाय असा "अचानक" गेला की पहिला संशय गुडघ्यावर जातो. गुडघ्याच्या आत एक लिगामेंट असतं, क्रुशिएट म्हणतात, ते मांडीचं हाड आणि खालचं हाड एकमेकांवरून घसरू देत नाही. माणसांमध्ये ते खेळताना एका झटक्यात तुटतं, फुटबॉलवाल्यांचं ऐकतो आपण. कुत्र्यांमध्ये मात्र बहुतेक वेळा ते विहिरीच्या जुन्या दोरासारखं महिनोन् महिने विरत जातं, एकेक पदर सुटत, आणि मग एके दिवशी नुसतं झोपेतून उठताना किंवा अंगणात वळताना उरलेले पदर जातात. त्यामुळे "कुठे पडला नाही" हे तुमचं बरोबरच आहे, पडायची गरजच नसते. आधीचे ते आठवडे असेच असतात, उडी टाळणं, उठल्यावर पहिली दहा पावलं अडखळणं आणि मग नीट चालणं. आणि नुसती बोटं टेकवून उभं राहणं हे तर या दुखण्याचं अगदी ठरलेलं चित्र.

एक गोष्ट घरी बघता येते. त्याला सपाट जागी बसायला सांगा आणि मागून बघा. नीट गुडघे असलेला कुत्रा चौकोनी बसतो, दोन्ही मागचे पाय दुमडून अंगाखाली. गुडघा दुखणारा तो पाय बाजूला फेकून बसतो, एका कुल्ल्यावर रेलल्यासारखा. काही कुत्री आधीपासूनच तशी ऐसपैस बसतात, त्यामुळे जुने फोटो काढून बघा, आधी कसा बसायचा. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला ही फार कामाची माहिती आहे. व्हिडिओत दाखवतात तसं गुडघा पुढे-मागे ओढून बघायचा प्रयोग मात्र अजिबात करू नका, दुखेल, चावेल, आणि आपल्याला त्यातलं काही कळणार पण नाही.

पण मी इथे बसून गुडघाच आहे असं म्हणणार नाही. कारण लंगडण्याचं कारण पंजापासून पाठीच्या कण्यापर्यंत कुठेही असू शकतं, आणि शोधायची सुरुवात नेहमी खालून करायची.

आमच्या काळूचं सांगते. तेरा वर्षांचा होता, काळा, प्रचंड केसाळ. एके दिवशी पुढचा डावा पाय लंगडायला लागला आणि मी लगेच सांधेदुखी, सांधेदुखी म्हणून घर डोक्यावर घेतलं, गूगल करून खांद्याचे चार आजार पाठ केले, रडूनही झालं. डॉक्टरांनी त्याला टेबलवर पण चढवलं नाही, खाली मांडी घालून बसले, पंजा हातात घेतला, आतल्या बाजूचं ते वरचं सुटं नख असतं ना जे जमिनीला लागतच नाही, त्याच्याभोवतीचे केस बाजूला केले. नख गोल वळून रिंग झालं होतं आणि टोक कातडीत घुसलेलं, आत थोडा पू. दोन मिनिटांचं काम. म्हातारी कुत्री कमी चालतात, नखं झिजत नाहीत, आणि हे नख तर कधीच झिजत नाही, आणि मी चार महिन्यांत तिथले केस बाजूला करून बघितलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम, आधी पंजा, मग बाकीचं जग.

तर टफीला कुशीवर झोपवा, घरातलं दुसरं कुणीतरी डोक्याशी बसू दे, आणि मोबाइलचा टॉर्च लावून आधी चांगला पाय बघा. हो, चांगला आधी, म्हणजे नॉर्मल कसं लागतं ते हाताला कळतं आणि त्यालाही कळतं की हे काही भयंकर नाहीये. मग दुखरा. प्रत्येक नख मुळाशी हलकं दाबून, चिरलंय का, हलतंय का. बोटांच्या मधल्या फटी उघडून, काटा, कुसळ, काचेचा तुकडा, चिकटलेलं काहीतरी, गोचीड, लाल फोड. पंजाखालच्या गाद्यांवर भेग किंवा भाजल्यासारखं. मग हात हळूहळू वर न्या, दोन्ही पायांवर एकाच वेळी दोन हात ठेवून, कुठे गरम लागतंय, कुठे फुगलंय, एका मांडीचा मांस दुसरीपेक्षा कमी झालाय का. मांडी बारीक झाली असेल तर समजा की तो बरेच दिवस त्या पायावर कमी भार देतोय, स्नायू एका रात्रीत उतरत नाही. तो गुरगुरला, पाय खेचला, किंवा एकदम स्तब्ध होऊन श्वास रोखला की तिथेच थांबायचं, जागा लक्षात ठेवायची आणि पुन्हा दाबून खात्री करायची नाही. तुमचा कितीही गरीब असला तरी दुखऱ्या जागी दाबलं तर चावू शकतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

कुठला पाय दुखतोय यातच घोळ असेल (तुमचं तसं नाहीये पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी), तर पुढचे पाय असताना डोक्याकडे बघा. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. बरेच लोक नेमकं उलटं समजतात आणि डॉक्टरांना चुकीचा पाय दाखवतात. मागच्या पायाचं असेल तर कमरेकडे बघायचं, दुखऱ्या बाजूची कंबर जास्त वरखाली होते.

आणि व्हिडिओ काढा, हे मी हात जोडून सांगते. घरी तीन पायांवर चालणारा कुत्रा दवाखान्याच्या दारात शिरला की घाबरून, इतर कुत्र्यांचा वास घेऊन, चारही पायांवर राजासारखा चालतो आणि आपण डॉक्टरांसमोर खोटे पडतो. तुमची हसतील ही भीती त्यातूनच येते बहुतेक. कडक सपाट जमीन, पट्टा सैल, एकदा समोरून, एकदा मागून, एकदा बाजूने, नेहमीच्या चालीने, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचं पुरे. झोपेतून उठतानाची पहिली पावलं मिळाली तर सोनं.

आता थांबायचं की नाही.

काही गोष्टी अशा आहेत की त्यात परवा नाही, उद्या सकाळ पण नाही, आपला डॉक्टर नसेल तर जो उघडा असेल तो. पाय लोंबतोय किंवा वेगळ्याच कोनात वळलाय. एकदम मोठी सूज आली. जखम खोल आहे, रक्त थांबत नाही. गाडीचा धक्का किंवा उंचावरून पडणं, मग तो नंतर कितीही नीट दिसू दे. साप किंवा तसलं काही चावल्याची शंका. पाय अजिबात म्हणजे अजिबात टेकत नाही आणि हातही लावू देत नाही, थरथरतोय, धापा टाकतोय. हिरड्या पांढुरक्या पडल्या. ताप, म्हणजे कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्तच असतं, साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, जुन्या हिशोबाने १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, नाक गरम-गार यावरून काही कळत नाही, थर्मामीटरच लागतो.

आणि एक वेगळाच प्रकार, ज्याला लोक लंगडणं समजतात आणि वेळ घालवतात. पाय दुखतो म्हणून उचलणं वेगळं आणि पाय ऐकतच नाही म्हणून घसटणं वेगळं. चालताना नखं जमिनीवर खर्रर्र घासली जातात, पंजा उलटा पडतो आणि कुत्रा पंजाच्या वरच्या बाजूवर तसाच उभा राहतो, मागचे दोन्ही पाय दारू प्यायल्यासारखे एकमेकांत अडकतात. हे बहुतेक कण्याचं असतं, मणक्यामधली चकती सरकून किंवा कण्याचा रक्तपुरवठा अडकून. बघायचं असेल तर तो उभा असताना पोटाखाली हाताचा आधार द्या आणि पंजा हळूच उलटा करून जमिनीवर ठेवा, नीट नसा असलेला कुत्रा क्षणात पंजा सुलटा करतो, कधी कधी ठेवूच देत नाही. तसाच राहिला तर निघा. त्यात शू होत नसेल किंवा आपोआप गळत असेल, किंवा मागचे पंजे गार पडले असतील, तर फोन गाडीत बसल्यावर करा, कारण अशा वेळी काही तासांनी पण फरक पडतो.

यातलं काहीच नाही, पाय थोडाफार टेकतोय, बाकी कुत्रा नॉर्मल, तर एक दिवस घरी विश्रांती देऊन बघायला हरकत नाही. तरुण कुत्र्याला मी ४८ तास पण म्हणेन. सात-आठ वर्षांच्या पुढे, आणि फार मोठ्या जातीत तर पाच-सहाच्या पुढेच म्हणा, मी २४ तासांवर थांबते.

म्हणजे टफीचं काय? रात्री धावपळ करावी असं तुमच्या पत्रात काही नाही. माझ्या २४ तासांच्या हिशोबापेक्षा हे जास्त होतं, पण आज तो पाय थोडा टेकवतोय आणि बाकी नॉर्मल आहे म्हणून परवापर्यंत थांबलात तर चालेल, मात्र अपॉइंटमेंट आजच घेऊन, वर सांगितलेलं काहीही दिसलं तर लगेच दुसरीकडे नेण्याची तयारी ठेवून, आणि मधल्या वेळात कडक विश्रांती देऊन. आणि ही माझी खरी अट, परवापर्यंत तो छान चालायला लागला तरी अपॉइंटमेंट कॅन्सल करायची नाही. यातच सगळे फसतात. अर्धवट तुटलेलं लिगामेंट विश्रांतीने शांत होतं, आपण म्हणतो बघ, झालं ना बरं, आणि दहा दिवसांनी उरलेलं तुटतं. तोपर्यंत गुडघ्याच्या दोन हाडांमधली गादी पण चिरडली गेलेली असते आणि सांधा कायमचा खराब व्हायला सुरुवात झालेली असते.

हे मी इतकं ठासून का सांगतेय ते पण सांगते. आमची राणी, मोठ्या चणीची, नऊ वर्षांची. पुढच्या पायाने लंगडायची, मनगटाच्या जरा वर. दोन दिवस आराम दिला की बरी, मग परत. मीच म्हणायचे वय झालं. तीन आठवडे गेले. एक दिवस तिच्या पायावरून हात फिरवताना तिथे टणक फुगवटा लागला, मऊ सूज नव्हे, हाडच जाड झाल्यासारखं. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून, आणि मी "आठवडा झाला असेल" म्हणाले. खोटं बोलले, लाजेने. एक्स-रेत हाडाचा कॅन्सर निघाला. मोठ्या कुत्र्यांमध्ये तो बहुतेक याच जागा धरतो, मनगटाच्या वर, खांद्याच्या जवळ, गुडघ्याच्या आसपास. तीन आठवडे आधी गेले असते तर ती वाचली असती असं मी स्वतःला सांगत नाही, तो आजार तसा नाही. पण ते तीन आठवडे तिला प्रचंड दुखत होतं आणि योग्य औषधाने ते कमी करता आलं असतं, आणि ते हाड आतून इतकं पोखरलेलं होतं की साध्या उडीत मोडलं असतं हे कळल्यावर तिला मी रोज सोफ्यावर उडी मारू देत होते ते आठवलं. टफीला हे असेल असं मी बिलकुल म्हणत नाहीये. येऊन-जाऊन लंगडणं म्हणजे किरकोळ, हे डोक्यातून काढा एवढंच.

एक छोटी गोष्ट, आज हा पाय, उद्या तो पाय, मध्येच मलूल, खाणं कमी, असं फिरतं लंगडणं असेल तर गोचिडांमुळे होणारा ताप पण डॉक्टरांना बघायला सांगा, त्यात बरेच सांधे एकदम सुजतात. रक्ताच्या तपासणीत कळतं आणि वेळेत धरलं तर औषधाने छान आटोक्यात येतं.

विश्रांती म्हणजे काय यावर पण घराघरात मतभेद असतात. विश्रांती म्हणजे "फिरायला नेलं नाही, दिवसभर घरातच होता" नव्हे, घरात तो बेल वाजली की दाराकडे सुसाट पळतो. विश्रांती म्हणजे शी-शूला पट्टा लावून पाच मिनिटं, हळू, सरळ रेषेत, आणि परत. जिना बंद, सोफा बंद, बॉल कपाटात. बाकी वेळ एका खोलीत किंवा अडवलेल्या कोपऱ्यात. गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत न सरकणारी सतरंजी किंवा योगा मॅट टाका, चांगला पाय घसरून फाकला तर दुप्पट पंचाईत. उठताना मदत हवी असेल तर मोठा टॉवेल मागच्या पायांच्या पुढून पोटाखालून घेऊन झोळीसारखा वर धरायचा, भार तुम्ही घ्यायचा, ओढायचं नाही. सूज असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनेकदा, त्याला सहन होत असेल तरच. शेक नको, नव्या दुखापतीत शेकाने सूज वाढते, तो जुन्या आखडलेल्या सांध्यांसाठी. आणि चोळू नका, कुठलंही मलम पण नको, तो चाटणार आणि ते पोटात जाणार.

दवाखान्यात काय होईल, तर आधी चालवून बघतील, मग हाताने सगळे सांधे तपासतील, बहुतेक एक्स-रे. दुखऱ्या कुत्र्याचा नीट एक्स-रे काढायला गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागू शकतं, म्हणून त्या सकाळी खायला द्यायचं की नाही हे फोनवर आधीच विचारून ठेवा (लॅबला उपाशी नेणं म्हणजे काय प्रकार असतो ते मला माहितीये, पण तरी). पेनकिलर सुरू करायच्या आधी किडनी-लिव्हरची रक्ततपासणी सुचवली तर नको म्हणू नका. औषध सुरू झाल्यावर उलट्या, काळी डांबरासारखी शी किंवा जेवणावरून मन उडणं दिसलं तर पुढचा डोस न देता फोन.

आणि तिथे एक प्रश्न नक्की विचारा. ११ वर्षांच्या लॅबच्या एक्स-रेत सांध्यांची झीज दिसणारच, बहुतेकांच्या दिसते. त्यामुळे "संधिवात आहे" एवढ्यावर घरी येऊ नका, विचारा की डॉक्टर, काल एकाच पायाने एकदम लंगडायला लागला त्याचं कारण हाच संधिवात आहे का दुसरं काही, आणि गुडघा पक्का आहे का. चांगल्या डॉक्टरांना असले प्रश्न आवडतात. आणि हसायचं म्हणाल तर मला आजवर लवकर आणलं म्हणून हसलेला डॉक्टर भेटला नाही, उशीर केला म्हणून गप्प झालेले भेटलेत.

गुडघाच निघाला तर ऑपरेशनचा विषय निघेल आणि घरात परत मिस्टर म्हणतील या वयात कशाला. नुसतं वय आडवं येत नाही, हृदय-किडनी ठीक असेल तर म्हाताऱ्या कुत्र्यांचीही ही ऑपरेशनं होतात, हाडाचा कोन बदलून प्लेट बसवतात त्याला टीपीएलओ म्हणतात, नंतर दोन-तीन महिने कडक बंधनं पाळायची तयारी मात्र घरच्यांची लागते, आणि खरं सांगायचं तर कुत्र्यापेक्षा माणसंच त्यात नापास होतात. छोटी हलकी कुत्री कधी कधी ऑपरेशनशिवाय निभावून नेतात, लॅबच्या वजनाला ते जड जातं. आणि एका गुडघ्याचं झालं की पुढच्या एक-दोन वर्षांत दुसऱ्याचंही होण्याची शक्यता बरीच असते, जवळपास निम्म्या कुत्र्यांत होतं, म्हणून दुसरा गुडघा पण त्याच दिवशी तपासून घ्या.

वजन. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीये पण लॅब आहे, "लाडावलाय" आहे, "व्यवस्थित जेवला" आहे, म्हणून अंदाज करते. बरगड्यांवर हात फिरवा, न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर निदान काहीही निघू दे, हे काम तुमचंच. सहा-सात टक्के वजन उतरलं तरी लंगडण्यात फरक दिसतो, म्हणजे ३५ किलोच्या कुत्र्याचे सव्वादोन-अडीच किलो, आणि ते उतरवायला पळवायचं नसतं (आत्ता तर नाहीच), नुसतं मोजून वाढायचं आणि टेबलाखालून जाणारे हात बंद करायचे. घरात कुणाचा हात जातो ते तुम्हाला माहीत असेलच.

परवा जाताना त्याला गाडीत स्वतः चढू देऊ नका, एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांच्या मागून, पाठ सरळ ठेवून दोघांनी मिळून उचला. आणि व्हिडिओ काढाल तेव्हा बसतानाचा पण घ्या, मागून.